वन्यप्राण्याचे चित्र असलेल्या विशेष नंबरप्लेटसाठी भरलेले जादा पैसे खरोखर वन्यजीवांपर्यंत पोहोचतात का?
अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यापुरते बोलायचे तर, पोहोचतात. तेथे पँथरचे (तेथील प्यूमा या मोठ्या रानमांजराचे) चित्र असलेल्या नंबरप्लेटसाठी वाहनमालक नेहमीच्या शुल्काव्यतिरिक्त दरवर्षी 25 डॉलर भरतो आणि त्यातील मोठा हिस्सा सर्वसाधारण तिजोरीत न जाता कायद्याने राखून ठेवलेल्या पँथर संशोधन निधीत जमा होतो. रेडिओ कॉलर लावून पँथरचा माग ठेवण्यासारखी कामे राज्याचा वन्यजीव आयोग मुख्यतः याच पैशांवर करतो. विरोधाभास असा, की 120 ते 230 इतक्याच उरलेल्या या प्रौढ पँथरच्या ज्ञात मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण वाहनांची धडक हेच आहे. मात्र, विशेष प्लेटचे प्रकार आता शंभरावर गेल्याने ग्राहक विभागले जातात, त्यामुळे या ऐच्छिक उत्पन्नाला सरकारी तरतुदीचा पर्याय मानणे मला धोक्याचे वाटते.