क्रोन्स (आतड्यांना सूज आणणारा दीर्घकाळचा आजार) आहे, व्हिटॅमिन डी 11 आलंय. 60,000 ची कॅप्सूल रोज घेतली तर आजार आटोक्यात येईल का?

रोज नको. हे आधी सांगते, कारण ही चूक माझ्याकडून झाली आहे. 60,000 युनिटची कॅप्सूल साधारणपणे आठवड्याला एक, अशी आठेक आठवडे देतात. माझ्या चिठ्ठीवर ‘1-0-0’ आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘आठवड्यातून एकदा’ असं होतं. औषधाच्या दुकानात कागदी पाकिटावर पेनाने नुसतं ‘1-0-0’ लिहून दिलं आणि मी पाच दिवस रोज सकाळी एक घेतली. सहाव्या दिवशी नवऱ्याने चिठ्ठी पाहिली. डॉक्टरांनी लगेच रक्तातलं कॅल्शियम तपासलं. नशिबाने ठीक निघालं. पण डी जास्त दिवस अती झालं तर कॅल्शियम वाढतं, तहान-तहान होते, उलट्या होतात, किडनीला त्रास होतो.

आता 11 बद्दल. 20 च्या खाली म्हणजे कमतरता, त्यामुळे भरून काढायलाच हवी. आपल्या आजारात डी कमी होण्याची कारणंही बरीच असतात. डी स्निग्ध पदार्थांसोबत शोषलं जातं आणि त्यासाठी पित्तक्षार लागतात. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून परत शोषले जातात. क्रोन्स बऱ्याचदा नेमका तिथेच बसलेला असतो, किंवा तो भाग कापून काढलेला असतो. म्हणून कॅप्सूल रिकाम्या पोटी घेऊ नका. मी रविवारी दुपारी वरण-भातावर तूप घेऊन जेवते आणि मग घेते. बी12 सुद्धा तिथूनच शोषलं जातं, तेही तपासून घ्या.

उन्हात बसून भागेल का, हे मीही विचारलं होतं. अझाथायोप्रीन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून कडक उन्हात तासन्‌तास बसू नका.

आजार आटोक्यात येईल का? डेन्मार्कमधल्या एका चाचणीत (2010) क्रोन्स शांत असलेल्यांना वर्षभर रोज 1,200 युनिट दिले. त्यांच्यापैकी 13 टक्क्यांचा आजार उलटला, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांमध्ये 29 टक्क्यांचा. आकडे आशा वाटावी असे आहेत, पण रुग्ण जेमतेम 94, आणि हा फरक योगायोगानेही पडू शकतो. त्या भरवशावर चालू औषधं कमी करू नका, कळकळीने सांगते. डी हाडांसाठी घ्या, विशेषतः स्टेरॉइडचे कोर्स झाले असतील तर. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात. माझ्या मणक्याच्या डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) ते दिसलं, तेव्हा मी जेमतेम चौतीस वर्षांची होते.

कोर्स संपला की डी आणि कॅल्शियम दोन्ही पुन्हा तपासा. पुढे रोजचा लहान डोस की महिन्याला एक कॅप्सूल, हे तुमच्या पोटाच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि दुकानातून निघण्याआधी पाकिटावर ‘रविवार’ लिहून घ्या.