कॅबिनेटच्या आधी ओव्हन ठरवा
स्वयंपाकघर नव्याने करत असाल तर कॅबिनेटचं काम सुरू होण्याआधीच ओव्हन आणि शेगडीचं मॉडेल पक्कं करा, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. बिल्ट-इन, म्हणजे कॅबिनेटच्या खाचेत बसवायचे ओव्हन बहुतेक 60 सेंटीमीटर रुंदीचे असतात खरे, पण खाचेचं नेमकं माप आणि हवेसाठी सोडायची जागा प्रत्येक मॉडेलची वेगळी. सुताराच्या हातात कंपनीचं मापपत्रकच द्या, तोंडी मापं नकोत. मोठ्या इलेक्ट्रिक ओव्हनला स्वतंत्र वायरिंग लागतं. भिंती फोडलेल्या असतानाच ते उरकून घ्या. इंडक्शन घेणार असाल तर भांड्यांच्या बुडाला चुंबक लावून बघा. चिकटला नाही, तर ते भांडं चालणार नाही. दोन ओव्हन? एकाच वेळी दोन वेगळ्या तापमानांवर भाजत असाल तरच. नाहीतर ती जागा ओट्याला द्या, गरम ट्रे टेकवायला ओव्हनशेजारी मोकळा ओटा हवाच.