दोन लाइन, एक फायरवॉल: सुरुवात इथून करा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या ऑफिसात दोन इंटरनेट लाइनी सांभाळायला पीएफसेन्स (फायरवॉल म्हणजे नेटवर्कची राखण करणारं सॉफ्टवेअर) घेतलंत, उत्तम केलंत. आता लगेच दोन्ही लाइनींवर लोड वाटायला जाऊ नका. आधी फेलओव्हर, म्हणजे एक लाइन पडली की दुसरीने काम उचलणं, नीट बसवा: गेटवे ग्रुपमध्ये (बाहेर जायच्या वाटांच्या यादीत) फायबर टियर 1, म्हणजे पहिली पसंती, आणि फोरजी राउटर टियर 2. दोन्ही एकाच टियरमध्ये टाकल्या की लोड बॅलन्सिंग सुरू होतं. मग तुमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदललेला दिसला की बँकेची साइट मध्येच लॉगआउट करू शकते. शिवाय एकच डाउनलोड काही दोन लाइनींची बेरीज करून धावत नाही.

नवीन माणूस हमखास अडकतो तो मॉनिटर आयपीवर, म्हणजे लाइन चालू आहे का हे ज्या पत्त्यावरून तपासलं जातं त्यावर. तो रिकामा सोडला तर फायरवॉल समोरच्या गेटवेलाच (लाइनच्या पहिल्या राउटरलाच) पिंग करत, म्हणजे चालू आहेस का विचारत, राहते. बाहेर रस्ता खोदताना केबल तुटली तरी तुमच्या खोलीतला इंटरनेट कंपनीचा राउटर चालूच असतो. म्हणजे स्क्रीनवर सगळं हिरवं आणि ऑफिसात नेट बंद! एका लाइनला 8.8.8.8 द्या, दुसरीला 1.1.1.1. दोन्हींना एकच आयपी देऊ नका.

आणखी दोन चुका टाळा:
- दोन्ही राउटर आणि तुमचं लॅन (ऑफिसमधलं नेटवर्क), तिन्ही 192.168.1.1 वर ठेवू नका. तिन्हींची आयपी रेंज वेगळी हवी.
- ग्रुप बनवून थांबू नका. राउटिंगमध्ये डीफॉल्ट गेटवे म्हणून तोच ग्रुप निवडा.

ऑफिस सुटल्यावर चाचणी घ्या. फायरवॉलची वायर नव्हे, राउटरमागची फायबर काढा आणि व्हॉट्सॲप कॉल लावून बघा. व्हीपीएन आणि व्हीलॅनचं नंतर बघू.