अमेरिकेची स्थापना ख्रिस्ती राष्ट्र म्हणून झाली होती का?

समाज ख्रिस्ती होता, पण शासन जाणूनबुजून तसं ठेवलं नाही. १६२० मध्ये इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून वसाहत करायला आलेल्यांनी आपल्या करारात ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचा उद्देश स्पष्ट लिहिला होता. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातही निर्मात्याचा उल्लेख आहे. १७८७ च्या राज्यघटनेत मात्र सरकारी पदासाठी धर्माची अट घालायला सक्त मनाई आहे, आणि १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, अधिकृत धर्म स्थापन करण्यापासून रोखलं.

लोक एक गोष्ट विसरतात: धर्म आणि शासन वेगळं ठेवण्यासाठी श्रद्धाळू ख्रिस्तीच झगडले. व्हर्जिनियात परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बॅप्टिस्ट धर्मोपदेशकांना तुरुंगात टाकत असत. ते पाहून तरुण जेम्स मॅडिसन (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष) अस्वस्थ झाला. थॉमस जेफरसनने (तोही पुढे राष्ट्राध्यक्ष झाला) लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मॅडिसननेच १७८६ मध्ये व्हर्जिनियात मंजूर करून घेतला. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीशी झालेल्या १७९७ च्या तहात तर अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर आधारलेलं नाही, असं स्वच्छ म्हटलंय आणि सिनेटने तो एकमताने मंजूर केला. अर्थात पहिल्या दुरुस्तीचं बंधन तेव्हा केंद्र सरकारपुरतंच होतं, राज्यांना नव्हतं; मॅसॅच्युसेट्स राज्यात चर्चसाठीचा कर १८३३ पर्यंत चालू राहिला.