एचपीटीएस या पीएचनुसार चमक बदलणाऱ्या रंगाचा आलेख चढला म्हणजे आपलं धातूचं संकुल (धातू आणि त्याला बांधलेले रेणू) आयन चॅनेल, म्हणजे पडद्यातून आयन जाऊ देणारा बोगदा आहे, असं म्हणता येईल का?

नाही. एचपीटीएसवरून इतकंच कळतं की लायपोसोमच्या, म्हणजे लिपिडच्या पडद्याच्या सूक्ष्म फुग्याच्या आतला पीएच बदलला. तो चॅनेलमुळे बदलला, वाहक रेणूमुळे की पडदाच फाटल्यामुळे, हे त्या रंगाला कळत नाही.

तुमच्या प्रश्नात तुमचं संकुल पॅलेडियमचं आहे आणि गाईड 'पेपर लिहायला घे' म्हणताहेत, हे वाचून राहवलं नाही. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी नेमकी इथेच होते. टेफ्लॉनच्या कपाच्या भोकावर लिपिडचा पातळ पडदा (बायलेअर) व्हावा म्हणून डेकेन या द्रावकातलं लिपिड बारीक ब्रशने लावायचं, पंखा बंद करायचा, फॅरडे केजचं (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या पिंजऱ्याचं) दार लावून श्वास रोखून बसायचं. एका रात्री पडद्यातून जाणाऱ्या विद्युतप्रवाहाची रेषा टपकन वर गेली, थोडा वेळ सरळ चालली, पुन्हा टपकन खाली. पायऱ्या! जणू चॅनेल उघडतंय, मिटतंय. एक पिकोअँपिअर प्रवाह म्हणजे सेकंदाला साधारण 62 लाख आयन. एकेक आयन वाहून नेणाऱ्या रेणूला हा वेग झेपत नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पेढे वाटले.

आठवड्याने मी नुसता लिगंड (धातूला बांधला जाणारा रेणू) घातला, धातूशिवाय. तशाच पायऱ्या, म्हणजे त्या संकुलाच्याच असं म्हणता येईना. माझे गाईड सर म्हणाले, "कप नीट धुतला नसशील." शंका रास्त होती, ट्रायटन या साबणासारख्या द्रव्याच्या अंशानेही अशा पायऱ्या दिसतात. नवा कोरा कप घेतला, तरी तेच. मग म्हणाले, "कंट्रोलच (असे पडताळणीचे प्रयोग) करत बसलीस तर पीएचडी कधी होणार?" तो नुसत्या लिगंडचा आलेख मी थिसिसमध्ये घातलाच. सहा महिने ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

म्हणून लिगंड, पॅलेडियमचा क्षार आणि डीएमएसओ (द्रावक) वेगवेगळे चालवा. मग धातू काढून घेऊन बघा. मँचेस्टरच्या सायमन वेब यांच्या गटाने 2008 मध्ये हेच केलं: पॅलेडियम घातलं की वहन सुरू, गंधकवाल्या क्राउन ईथरने (धातूला धरून ठेवणाऱ्या कड्यासारख्या रेणूने) ते ओढून घेतलं की बंद. केंब्रिजच्या निट्श्के यांच्या गटाने 2017 मध्ये दहा जस्त आयनांच्या पिंजऱ्यातून क्लोराइड जाऊ दिलं आणि डोडेसिल सल्फेट या लांब शेपटीच्या आयनाने तीच वाट बुजवून दाखवली. पुरावा म्हणतात तो हा.

बायलेअरचा सेटअप नसेल तर लायपोसोममध्ये कार्बॉक्सिफ्लुओरेसीन हा मोठ्या रेणूचा रंग कोंडून बघा. तेही बाहेर आलं तर बहुधा पडदा फाटतोय. अर्थात छिद्र खूप मोठं असेल तर त्यातूनही येईल. आणि हो, अवस्थांतराच्या (लिपिड घट्टचं पातळ होण्याच्या) तापमानाजवळ नुसतं लिपिडही पायऱ्या दाखवतं, तेव्हा असं अवस्थांतर नसलेलं डायफायटॅनॉइल लिपिडच वापरा.

गाईडना आधी लिगंडचा आलेख दाखवा, पेपरचा मसुदा नंतर. चिडले तरी.