सहा वर्षं वेगळी राहते, म्हाडाच्या अर्जात नवऱ्याचं काय लिहू?

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. वय ३८, खासगी दवाखान्यात नोकरी, पगार महिना २४ हजार. २०१९ च्या दिवाळीनंतर सासरच्या जाचाला कंटाळून मुलाला घेऊन त्या घराबाहेर पडल्या आणि तेव्हापासून भाड्याच्या खोलीत राहतात. भाडं ११ हजार. घटस्फोट झालेला नाही, कुणी अर्जही केलेला नाही. नवऱ्याचा बदलापूरला स्वतःच्या एकट्याच्या नावावर फ्लॅट आहे, पगार ६० हजारांच्या घरात. बाईंना म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीत अर्ज भरायचा आहे. अर्जात जोडीदाराचं आधार आणि पॅन मागतात, आणि नवरा ते द्यायला तयार नाही. अर्ज भरून देणाऱ्या दुकानातला मुलगा म्हणतो, 'ताई, अविवाहित टाका, कोण बघतंय?' नात्यातले एकजण म्हणतात, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून नोटरी करून घ्या. नवऱ्याचाही निरोप आला आहे की पोटगी मागणार नसाल तर संमतीनं सही करतो. शेवटी मुलाचा प्रश्न. तो १३ वर्षांचा, कबड्डी चांगली खेळतो, पण संघाच्या नोंदणी अर्जावर वडिलांचीच सही हवी असं प्रशिक्षक सांगतात. बाई विचारतात, 'मी काय करू?'

ताई, तुमच्या पत्रात दोन नोंदण्या आहेत आणि दोन्हीकडे नवऱ्याचा कागद मागताहेत. कायद्यानं मात्र दोन्हींची उत्तरं उलटी आहेत. घरासाठी तो माणूस आज तुमचा नवराच धरला जाणार. मुलाच्या खेळासाठी त्याच्या सहीची गरज नाही.

आधी घराचं. 'अविवाहित' अजिबात टाकू नका. दुकानातला मुलगा जुन्या पद्धतीवर बोलतोय. पूर्वी सोडत आधी लागायची आणि कागद नंतर तपासले जायचे, त्यामुळे 'आधी नंबर तर लागू दे' असं म्हणायला जागा होती. २०२३ पासून म्हाडाच्या नव्या संगणकीय प्रणालीत कागदपत्रं नोंदणीच्या वेळीच तपासली जातात आणि पात्र ठरलेल्यांमध्येच सोडत निघते. आता तुमच्या रेशनकार्डावर, मुलाच्या जन्मदाखल्यावर, शाळेच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव आहेच. समजा खोटी माहिती आज खपून गेली, तरी पुढे कुणी तक्रार केली की घराचं वितरण रद्द होऊ शकतं आणि तोवर भरलेले पैसे अडकतात. खोटं प्रतिज्ञापत्र हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, ते वेगळंच. आणि तक्रार करायला तुमच्या बाबतीत एक माणूस तयारच बसलाय, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही.

खरं लिहिलं तर काय होतं ते पाहू. सोडतीची अट अशी असते की अर्जदार, त्याची पत्नी किंवा पती आणि अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालची मुलं यांच्या नावावर त्या मंडळाच्या कार्यक्षेत्रात घर नसावं. कोकण मंडळात ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे येतात. बदलापूर ठाणे जिल्ह्यात. म्हणजे त्या फ्लॅटमध्ये तुम्हाला पाय ठेवता येत नसला, तरी अर्जापुरता तो तुमच्या कुटुंबाचा फ्लॅट. उत्पन्नाचंही तसंच. पती-पत्नीचं मिळून कौटुंबिक उत्पन्न धरतात. तुमचे वर्षाचे २ लाख ८८ हजार. एकट्या असतात तर मुंबई महानगर प्रदेशाच्या ६ लाखांच्या मर्यादेत, म्हणजे अत्यल्प उत्पन्न गटात सहज बसला असतात. नवऱ्याचे ७ लाख २० हजार मिळवले की बेरीज १० लाख ८ हजार, आणि गट मध्यम. ज्या पगारातला एक रुपया तुमच्या हातात येत नाही, तो तुम्हाला दोन गट वर ढकलतो. अन्याय आहे, हे मान्य. पण अर्ज तपासणाऱ्याला दोन माणसं एका छताखाली राहतात की नाही हे कळायचा मार्ग नसतो. 'आम्ही वेगळे राहतो' एवढ्या शब्दावर सूट दिली, तर उद्या निम्म्या ठाणे जिल्ह्यातली सुखी जोडपी सोडतीपुरती वेगळी राहायला लागतील. म्हणून यंत्रणा कोर्टाचा कागद मागते.

मुंबई मंडळाची हद्द वेगळी आहे. बदलापूरचा फ्लॅट त्या हद्दीत येत नाही, त्यामुळे घर नसण्याची अट तिथे आडवी येत नाही. पण जोडीदाराचे कागद आणि एकत्र उत्पन्न तिथेही लागतंच, शिवाय मुंबईतल्या किमती तुमच्या पगाराला पेलणार नाहीत. पंतप्रधान आवास योजनेतल्या घरांची अट तर आणखी कडक आहे. तिथे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं मिळून एक कुटुंब, आणि त्या कुटुंबाचं देशात कुठेही पक्कं घर नसावं. विरार-बोळींजसारख्या ठिकाणी शिल्लक राहिलेली घरं कोकण मंडळानं 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' या तत्त्वावर काढली होती आणि तिथल्या अटी सोडतीपेक्षा सैल होत्या. तशी जाहिरात पुन्हा आली तर पहिल्या पानापासून वाचा. किंमत मात्र आधी बघा.

आता नोटरीची फारकत. हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांच्या मनात वाईट काही नसतं, म्हणूनच तो जास्त घातक. हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली झालेलं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्यानंच मोडतं. नोटरी एवढंच सांगतो की ही सही माझ्यासमोर झाली. लग्न मोडायचा अधिकार त्याला नाही. याला अपवाद एकच, कलम २९(२) चा. काही समाजांत काडीमोडीची जुनी, चालत आलेली रूढी आहे आणि कायद्यानं ती राखून ठेवली आहे. पण अशी रूढी आपल्या समाजात आहे, ती प्राचीन आणि अखंड आहे, हे जो सांगतो त्यानंच साक्षी-पुराव्यानं सिद्ध करायचं असतं. पंचांच्या चार सह्यांनी ते होत नाही. अशा फारकतीवर विसंबून दुसरी लग्नं झाली आणि वीस वर्षांनी पेन्शनच्या खिडकीवर दोन बायका उभ्या राहिल्या, असले दावे कोर्टात नेहमी असतात. तेव्हा ते पाचशे रुपये वाचवा.

म्हणजे रस्ता कोर्टातूनच. या वेळच्या सोडतीची मुदत तोवर टळेल, ती टळू द्या. सोडती पुन्हा निघतात.

नवरा संमतीला तयार असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली दोघांचा मिळून अर्ज करता येतो. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, तुमची सहा झाली. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, पण २०१७ साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी, मुलाचा ताबा हे सगळं खरोखर मिटलं असेल, तर हा काळ कोर्ट माफ करू शकतं. तुमच्यासारख्या प्रकरणात ती माफी मागायला भरपूर आधार आहे.

अडचण त्याच्या अटीत आहे. पोटगी सोडा मग सही, हे मला पसंत नाही. स्वतःच्या पोटगीबद्दल तडजोड करायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण एकरकमी काही घेतल्याशिवाय नाही. मुलाच्या खर्चाचा हक्क मुलाचा आहे. तो तुम्ही सहीनं सोडून दिलात तरी मुलगा सज्ञान होईपर्यंत त्याच्यासाठी मागता येतो, आणि अशी सूट लिहून दिलेला तडजोडनामा पुढे तुम्हालाच भांडणात अडकवतो. तडजोडीत मुलाची शाळा, औषधपाणी आणि खेळाचा खर्च यांचा महिन्याचा आकडा आणि दर वर्षीची वाढ लिहून घ्या. 'दोघं समजुतीनं बघतील' असलं वाक्य असेल तर ते खोडा.

तो संमतीला फिरला, तर एकतर्फी अर्ज करा. तुम्ही जिथे राहता त्या हद्दीतल्या न्यायालयात पत्नीला अर्ज करता येतो, त्याच्या गावी जावं लागत नाही. इथे एक सावधगिरी. कुणी सांगेल, दोन वर्षांवर वेगळे आहात, 'परित्याग' लिहून टाका. पण घर तुम्ही सोडलं आहे. समोरचा वकील पहिल्याच दिवशी म्हणेल की सोडून गेली ती ही. त्यामुळे तुमचा मुख्य आधार क्रूरतेचा हवा, आणि त्या छळामुळे घर सोडावं लागलं म्हणून खरा परित्याग त्याचा, असं मांडायला हवं. २०१९ चे मेसेज, दवाखान्याचे कागद, पोलिसांत दिलेली एखादी अदखलपात्र तक्रार, माहेरच्यांना पाठवलेली पत्रं, जे असेल ते आत्ताच एका पिशवीत घाला. फोन बदलायच्या आधी.

आणि हा हुकूमनामा येईपर्यंत दर महिन्याचे ११ हजार? त्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत, म्हणून मी सांगतो. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ च्या कलम १९ खाली दंडाधिकारी नवऱ्याला सांगू शकतात की पत्नीला पूर्वीच्या घराच्या तोडीची जागा दे, नाहीतर तिचं भाडं भर. घर सोडून सहा वर्षं झाली म्हणून हा अर्ज मुदतबाह्य होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. मात्र इतकी वर्षं का थांबलात हे नीट सांगावं लागेल. पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि रक्कम साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मिळते. म्हणून अर्ज उद्यावर टाकाल तितकं नुकसान तुमचं. मला विचाराल तर म्हाडाच्या सोडतीपेक्षा हा अर्ज आधी. सोडतीत नंबर लागायला नशीब लागतं, इथे फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, आणि पगाराची स्लिप पुरते. इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो.

खर्चाची धास्ती घेऊ नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महाराष्ट्रात महिलांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ च्या अधिसूचनेनं. काही कारकुनांना ती आठवण करून द्यावी लागते.

हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हाती आली की मगच म्हाडाच्या नोंदणीत 'घटस्फोटित' लिहा आणि ती प्रत जोडा. तोवर अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवा. जुनं असेल तर नव्यानं, बारकोडचं, २०१८ नंतरचं. आधार, पॅन आणि अधिवास यांवर नाव एकच आहे ना, ते बघा. घटस्फोटानंतर माहेरचं नाव लावायचं की आहे तेच ठेवायचं हे तुमच्या मर्जीवर आहे, फक्त जे ठरवाल ते तिन्ही कागदांवर एकदमच करा.

आता पोराची कबड्डी. इथे तुम्ही विनाकारण अडकला आहात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ मध्ये आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई, असा क्रम दिसतो आणि लोक तेवढंच वाचतात. गीता हरिहरन प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की वडील हयात असले तरी ते मुलाकडे लक्ष देत नसतील, किंवा मूल पूर्णपणे आईच्याच सांभाळात असेल, तर आई ही नैसर्गिक पालक म्हणून निर्णय घेऊ शकते. तुमचा मुलगा सहा वर्षं तुमच्याजवळ आहे. शिवाय खेळाच्या अर्जावरची सही ही काही मुलाच्या नावची जमीन विकायची सही नाही. पालकाची संमती म्हणून आईची सही पुरेशी.

वयाचा पुरावा मात्र चोख द्या. खेळात वयचोरीचे प्रकार इतके झाले आहेत की तपासणारे कडक असतात आणि ते योग्यच आहे. मूळ जन्मदाखला नवऱ्याकडे राहिला असेल तर त्याच्या मागे लागू नका, जिथे जन्माची नोंद झाली त्या महापालिकेतून नवी प्रत मिळते. दाखल्यावर वडिलांचं नाव आहे ते राहू द्या. आडनाव बदलायला राजपत्रात जाहिरात देण्याच्या भानगडीत आत्ता पडू नका. शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख आणि दाखल्यावरची तारीख जुळते का तेवढं बघा. न जुळली तर ती दुरुस्ती मुलगा शाळेत असेपर्यंतच करून घ्या, शाळा सुटल्यावर फार जड जातं.

प्रशिक्षकांशी वाद घालू नका, एक साधं पत्र द्या: 'माझा मुलगा २०१९ पासून माझ्याकडेच राहतो व त्याचा सर्व सांभाळ मी करते. त्याची आई व नैसर्गिक पालक म्हणून त्याच्या सहभागास, सराव व बाहेरगावच्या प्रवासासह, माझी संमती आहे. वडिलांची सही आवश्यक असल्यास तो नियम लेखी कळवावा.' शेवटचं वाक्य वगळू नका. बहुतेक ठिकाणी तसा नियम नसतोच, छापील अर्जात 'वडिलांची सही' असा रकाना असतो इतकंच. शालेय स्पर्धांच्या १४ वर्षांखालील गटात त्याला उतरवायचं असेल तर प्रवेशिका शाळेमार्फतच जाते, तेव्हा या पत्राची एक प्रत मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या. तरीही अडवलं तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. आणि घटस्फोटाचा अर्ज दाखल कराल तेव्हा हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलाचा अंतरिम ताबाही मागा, म्हणजे पुढच्या हंगामात पत्राऐवजी कोर्टाचा आदेशच दाखवता येईल.