‘साधा खोकलाच आहे ना, मॅडम?’

हा प्रश्न खरं तर डॉक्टरांना विचारायचा. पण सर्दी-तापाची साथ आली की तो माझ्यासारख्या समुपदेशकाकडेही येतो, आणि विचारणारे बहुतेक जण डॉक्टरांकडे जाऊन आलेले असतात. औषध चालू असतं, तापही उतरत असतो. झोप मात्र उडालेली असते. अशाच एका आईची ही हकीकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा ३ वर्षांचा. तो जरा खोकला की त्या रात्रभर जाग्या. त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा वहीत लिहायचा. ती वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली. ९७, ९८, ९७, ९६, ९७. एका रात्रीत १८ नोंदी.

“९७ दिसला की किती वेळ बरं वाटतं?”

“पाच मिनिटं.”

“आणि सहाव्या मिनिटाला?”

त्या ओशाळून हसल्या. “परत लावते.”

‘काळजी करू नका’ हे त्यांना घरच्यांनी सांगून झालं होतं, डॉक्टरांनीही. दुसऱ्याने दिलेला धीरही त्या आकड्यासारखाच, पाच मिनिटं पुरतो. म्हणून मी तो दिलाच नाही. चौथ्या भेटीत मुलाचा विषय बाजूला ठेवून विचारलं, “ही वही सुरू व्हायच्या आधी घरात कोण आजारी होतं?”

बराच वेळ काही नाही. मग, “आई. आठवडाभर खोकला होता. ताप असा नव्हताच. त्या संध्याकाळी जेवली नाही, काहीतरी असंबद्ध बोलत होती. भाऊ म्हणाला, आत्ताच नेऊ या. मीच म्हटलं, दमली असेल, सकाळी बघू.”

सकाळी ओठ निळे पडले होते.

मी म्हटलं, “तुम्ही मुलाचा ऑक्सिजन मोजत नाही आहात. त्या रात्रीचा निर्णय रोज नव्याने घेताय.”

त्या खूप रडल्या. मी पाण्याचा ग्लासही पुढे केला नाही. रडणं थांबवायची घाई बहुधा बघणाऱ्याला असते. इतक्या वर्षांत असा धागा अनेकदा हाती आला, पण इतका सरळ क्वचितच.

त्यांच्या मनातलं वाक्य होतं, ‘मी हयगय केली.’ ते आम्ही तपासून पाहिलं. वयस्कर माणसाला न्यूमोनियात फारसा ताप नसू शकतो. जेवण सुटणं, गोंधळल्यासारखं बोलणं हीच पहिली खूण असू शकते. हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत नसणं म्हणजे हयगय नव्हे. एवढा फरक मनाला पटायला आणखी तीन भेटी लागल्या.

भीती गप्प बसवता येत नाही, तिला काम द्यावं लागतं, हे माझं पक्कं मत. मी डॉक्टर नाही. म्हणून त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे एकच प्रश्न घेऊन पाठवलं: ‘मी याला घेऊन कधी यायचं?’ उत्तर कागदावर लिहून आणायचं.

त्या कागदाचं सार सगळ्यांच्याच उपयोगाचं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. २ महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास वेगाने चाललाय. त्याच दिवशी दाखवायचं. तापातही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजायचा. पण बरगड्यांखाली खळगा पडत असेल, श्वासागणिक कण्हल्यासारखा आवाज येत असेल, मूल पाणीसुद्धा घेत नसेल, उठवूनही नीट जागं होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसायचं नाही, निघायचं. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला, तरी तेवढंच कारण पुरे.

मोठ्यांचं निराळं. एक वाक्य एका दमात पुरं होत नाही, छातीत दुखतंय, थुंकीत रक्त आहे, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतोय, ऑक्सिमीटर ९२ किंवा खाली दाखवतोय: तडक रुग्णालय. उतरलेला ताप दोन-तीन दिवसांनी उलटला तरी दाखवून यावं. दमा, हृदयविकार, गरोदरपण किंवा उतारवय असेल तर वाट बघण्याची मुदत आणखी कमी. नुसता खोकला मात्र बरं वाटू लागल्यावरही दोन-तीन आठवडे रेंगाळतो. त्याच्यासाठी रात्र जागवायची नाही.

आणि मशीनपेक्षा छातीकडे बघा. थंड बोट, नेलपॉलिश यांनी आकडा चुकतो.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. मुलाला रात्री दोन वाजता नेलं होतं. श्वास ४८, बरगड्यांखाली खळगा. दोन दिवस ऑक्सिजन लागला, आता घरी खेळतोय.

“ऑक्सिमीटर किती दाखवत होता?”

“९४. आधी असते तर त्यावरच भरवसा ठेवून सकाळपर्यंत लावत बसले असते.”

“आणि वही?”

“ती कुठे शोधू, मॅडम? ४८ हातावरच लिहिलं आणि निघाले.”